घरासाठी कमी धुराची, मिळेल ते जळण चालणारी चूल: कुठली घ्यावी?

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. गावच्या घरासाठी चूल घ्यायचीये आणि चौकशी करायला गेलं की दहा जण दहा गोष्टी सांगतात, म्हणून इथे विचारतोय.

घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला, पाऊस म्हणजे चार महिने धो धो. घरात आई-बाबा आणि काका-काकू, सणावाराला आम्ही सगळे. गॅस आहे. पण सिलेंडरची गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते, पुढे वाडीपर्यंत टाकी आपणच न्यायची, त्यामुळे आई गॅस जपून वापरते. चहा, दूध, एखादी फोडणी, बास. भाकरी, डाळ, गुरांचं आंबोण, आंघोळीचं पाणी सगळं चुलीवर. आता तिचा खोकला हटत नाहीये आणि डॉक्टरांनी धुरापासून लांब राहा असं स्पष्ट सांगितलंय.

जळण म्हणाल तर आंब्या-जांभळीच्या फांद्या, गोवऱ्या, मक्याची बुरकुंडं, थोड्या करवंट्या. पावसाळ्यात जे हाताला लागेल ते. म्हणून असं काहीतरी हवंय ज्यात हे सगळं जळेल आणि धूर कमीत कमी होईल. बजेट सात-आठ हजार, गरज पडली तर वाढवू. पंख्याची घ्यावी, रॉकेट घ्यावी का चिमणीची बांधून घ्यावी?

आईची एकच अट आहे. भाकरी आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, फुगली पाहिजे.

वैलावरची_आमटी
आईंची अट आधी. बाकी चर्चा नंतर :)

खटपट्या
चांगला धागा. थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

धूर म्हणजे न जळलेलं जळण, एवढं डोक्यात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात, ते वायू पेटायला पुरेशी उष्णता आणि वरच्या बाजूला पुरेशी हवा मिळाली नाही तर तेच धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतात. आपल्या तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत ज्वाला थेट गार भांड्याच्या बुडाला लागते आणि विझते, शिवाय तोंडातून गार हवा भसाभसा आत जाते. उष्णतेतली जेमतेम १० ते १५ टक्के भांड्याला मिळते.

रॉकेट चुलीत खाली आडवं तोंड आणि वर उभी, आतून उष्णतारोधक नळी असते. वायू त्या नळीतच बऱ्यापैकी जळून मग भांड्यापर्यंत पोचतात. वीज लागत नाही, फांद्या लांबच्या लांब घालून पुढे सरकवता येतात. पंख्याच्या चुलीत छोटा पंखा दोन ठिकाणी हवा सोडतो, खाली थोडी आणि वरच्या भोकांतून जास्त. वरची हवा धूर जाळून टाकते, ज्वाला गॅससारखी दिसते. पण तिला जळण बारीक, सुकं आणि एकसारख्या तुकड्यांचं लागतं. चिमणीची चूल धूर कमी करेलच असं नाही, ती धूर घराबाहेर नेते. हा फरक विकणारे सांगत नाहीत.

विकत घेताना भारतीय मानक आयएस १३१५२ ची खूण बघा. साध्या ओढीच्या, म्हणजे बिनपंख्याच्या चुलीला किमान २५ टक्के कार्यक्षमता आणि भांड्यापर्यंत पोचलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे कण जास्तीत जास्त ३५० मिलिग्रॅम. पंख्याच्या चुलीला ३५ टक्के आणि १५० मिलिग्रॅम. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दोन्हींना ५ ग्रॅम. 'स्मोकलेस' असं खोक्यावर छापलंय पण चाचणीचा कागद नाही, अशी चूल घेऊ नका.

सुमनताई_कराड
खटपट्या, छान समजावलंत. मी यातली जुनी जाणती म्हणून एक सांगते. १९८३-८४ पासून सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला होता, २००२ पर्यंत चालला. आमच्याकडे 'निर्धूर चूल' म्हणूनच आली. मी तेव्हा महिला मंडळात होते, आम्ही बायकांनी गावोगाव साच्यातून चुली बांधल्या आहेत. दोन भांड्यांची चूल, मागे धुराडं, पाइप छपरातून वर.

पहिले काही महिने बायका खूष. नंतर काय व्हायचं, पाइपात काजळी साठायची आणि ती झाडायची कशी, कोणी झाडायची हे कुणी नीट सांगितलेलंच नसायचं. धूर परत घरात. मागच्या भांड्याला धग पुरायची नाही म्हणून बायका ते भोक रिकामं ठेवायच्या, मग ओढ बिघडायची. आणि पुढचं तोंड लहान, त्यात मोठी लाकडं जात नाहीत म्हणून एखादी बाई सरळ उलथन्याने ते मोठं करून घ्यायची. झालं, चूल परत पहिल्यासारखी. कार्यक्रम आकड्यांत मोठा झाला पण बांधल्यानंतर चुलीकडे परत बघायला कुणी जात नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ज्या घरांत बाई स्वतः पाइप झाडायची तिथे ती चूल वर्षानुवर्षं उत्तम चालली.

म्हणून डोंगरवाट, कुठली घ्यावी याआधी तिची निगा कोण राखणार ते ठरवा. आई एकट्याच राखणार असतील तर सोपी घ्या.

फुप्फुसवाला
मी छातीचा डॉक्टर आहे. ज्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही अशा बायका दम्यासारख्या तक्रारी घेऊन येतात आणि तपासल्यावर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, निघतो, हे आमच्या ओपीडीत नेहमीचं आहे. कारण विचारलं की चूल. लहान मुलांत घरातल्या धुराने न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो. मोतीबिंदूशीही याचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२० साली घरातल्या प्रदूषणाने जगात ३२ लाख लोक गेले.

माझं मत सरळ आहे. लाकडाची कुठलीही चूल आजारी माणसाला नको. संघटनेची २०२१ ची मर्यादा सूक्ष्म कणांसाठी वर्षाला सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. उत्तम पंख्याची चूलसुद्धा बंद स्वयंपाकघरात तिथवर जात नाही. गॅस वाढवा, इंडक्शन घ्या. टाकी वाडीपर्यंत न्यायला माणसाला पैसे द्या, तेवढे औषधात वाचतील.

रानमाळ
डॉक्टरसाहेब, तुमचं बरोबरच आहे, पण गावात लाइट किती टिकते ते पाहून बोला ना. आमच्याकडं यवतमाळकडं पऱ्हाटी आणि तुराटी (कापसाच्या अन् तुरीच्या काड्या) फुकट मिळते, घरामागं ढीग लागलेला असतो. फुकटचं जळण दारात असताना बाई टाकी कायले आणन? उज्ज्वला २०१६ ला आली, घरोघरी शेगडी आली हे खरं, पण दुसरी-तिसरी टाकी भरायची वेळ आली की चूल पेटते. दोन्ही सोबतच चालतंय, तेच खरं चित्र आहे.

पऱ्हाटीबद्दल एक सांगतो. बारीक अन् सुकी असते म्हणून भर्रकन जळते, सारखी सारत राहावी लागते. रॉकेटमध्ये चांगली चालते, पण एका वेळी मूठभरच घालायची. तोंड ठासून भरलं की हवा बंद अन् धूर सुरू.

डोंगरवाट
डॉक्टर, मनापासून धन्यवाद. आईला मी हेच सांगतो, पण ती म्हणते गॅसवर गुरांचं आंबोण आणि चार जणांचं पाणी तापवायचं म्हणजे टाकी किती दिवस पुरणार. आणि खरंच ते मला सांगता येत नाही.

खटपट्या
हिशोब करू की. १४.२ किलोच्या टाकीत साधारण ६५० मेगाज्यूल उष्णता, शेगडीवर त्यातली ६० टक्के भांड्याला मिळाली असं धरा, म्हणजे ३९० च्या आसपास. हवेत सुकलेल्या लाकडात किलोला १५ मेगाज्यूल धरले तर जुन्या चुलीवर (१२ टक्के) तेवढ्याच कामाला २०० किलोच्या वर लाकूड लागतं. २७ टक्क्यांच्या रॉकेटवर साधारण १०० किलो. म्हणजे चांगली चूल आली तर आईच्या डोक्यावरचा निम्मा भारा कमी होतो. धुराइतकंच हेही महत्त्वाचं आहे.

आणि घरी चूल पारखायची असेल तर पाच लिटर पाणी झाकण लावून उकळून बघा, लाकूड आधी आणि नंतर वजन करा. सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास लागलं तर चूल २५ टक्क्यांची आहे. पाऊण किलोच्या वर गेलं तर विकणाऱ्याला परत द्या.

बंबवाला
मला वाटतं सगळे भाकरीत अडकलेत. घरातला मोठा धूर कशाचा असतो? आंघोळीच्या पाण्याचा! चार माणसांचं शंभर लिटर पाणी पंचवीसवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायचं म्हणजे आठ-साडेआठ मेगाज्यूल भांड्यात जायला पाहिजेत, रोज. सकाळी पहाटे उठून ओलं-सुकं जे मिळेल ते त्याच्याखाली सारतात, कारण 'पाण्यालाच तर आहे'. तिथेच बाई वाकून फुंकणी फुंकत बसलेली असते.

हे काम आधी स्वयंपाकघरातून हलवा. शंभर लिटरचा काचनळ्यांचा सोलर बंब बसवा, आठ महिने प्रश्न मिटला. पावसाळ्याचे चार महिने जुना तांब्याचा बंब, पण पडवीच्या टोकाला, वाऱ्याची दिशा बघून. तांब्याच्या बंबाला मधून नळी असते, ती स्वतःच धुराडं आहे, जळण नीट सुकं असेल तर बंब फार धुरत नाही.

वैलावरची_आमटी
बंबवाला +१. आमच्या आजोळी बंबाच्या राखेत रताळी पुरून ठेवायचो आणि आंघोळ झाली की खायचो. त्या रताळ्यांसाठी मुलं आपणहून आंघोळीला उठायची.

रत्नांग्री_हापूस
रताळी, आणि काजूच्या बिया! पण बिया घराबाहेर भाजायच्या हं. डोंगरवाट, तुमच्याकडे काजू असतील तर एक लक्षात ठेवा, काजूची टरफलं घरच्या चुलीत अजिबात नको. त्यांच्यात तेल असतं, अंगाला लागलं तर फोड येतात आणि त्याचा धूर डोळ्यांना घशाला फार वाईट. जोरात जळतात म्हणून लोक मोहात पडतात. कारखान्याच्या भट्टीची गोष्ट वेगळी. करवंट्या मात्र उत्तम, तुकडे करून घाला, धग मोठी आणि निखारा बराच वेळ टिकतो. झावळ्या आणि चुडतं फक्त पेटवायला.

आणि प्लास्टिकची पिशवी लावून चूल पेटवायची सवय असेल तर ती आजच मोडा. आमच्या शेजारी सगळ्यांची आहे. नारळाची शेंडी ठेवा डब्यात, सुकी असली की एका काडीत पेट घेते.

यॉर्कशायरी_वहिनी
मी इंग्लंडमधून लिहितेय, इथे 'मल्टिफ्युएल स्टोव्ह' हा घरोघरचा विषय आहे, म्हणून थोडी माहिती. संदर्भ वेगळा आहे, इथे ती घर तापवायला असते. पण शिकण्यासारखं बरंच आहे.

लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये धुरकं पडून हजारो माणसं गेली, त्यानंतर १९५६ चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला आणि 'स्मोक कंट्रोल एरिया' ठरल्या. आम्ही अशाच भागात राहतो. तिथे लाकूड जाळायचं तर डेफ्राच्या, म्हणजे इथल्या पर्यावरण खात्याच्या, यादीतलाच स्टोव्ह लागतो. २०२२ पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या स्टोव्हना इकोडिझाइनचे, म्हणजे धूर आणि कार्यक्षमतेचे, नियम आहेत. इंग्लंडमध्ये २०२१ च्या मे महिन्यापासून ओल्या लाकडाच्या छोट्या पोत्यांची विक्री बंद झाली, लाकडात २० टक्क्यांपेक्षा कमी ओल असेल तरच 'रेडी टू बर्न'चा शिक्का मिळतो. साधा घरगुती दगडी कोळसाही पुढे बंद झाला.

मल्टिफ्युएल म्हणजे सगळं एकत्र जाळा असं नाही, हे इथे पहिल्यांदा शिकवतात. लाकडाला राखेच्या थरावर बसायला आवडतं आणि हवा वरून लागते. कोळशाला खालून, जाळीतून. त्यामुळे त्या स्टोव्हला उचललेली जाळी आणि हवेच्या दोन वेगळ्या खिट्ट्या असतात, आणि जळण बदललं की खिट्टी बदलायची. दोन्ही एकदम घातले तर लाकडाची ओल आणि कोळशातलं गंधक मिळून धुराडं आतून खातात.

दुसरं म्हणजे गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह घेतला की लोक तो दाबून, हवा कमी करून जाळतात आणि धूर तिथेच वाढतो. म्हणून खोलीच्या मापाने, ढोबळ हिशोबात १४ घनमीटरला एक किलोवॅट, एवढाच घ्यायचा. तुमच्या चुलीलाही हे लागू आहे. चार माणसांना लग्नघरची चूल नको.

माझ्याकडे ओल मोजायचं छोटं यंत्र आहे, दोन टाचण्या लाकडात खुपसायच्या की आकडा दिसतो. ओंडका फोडून आतल्या बाजूला खुपसायच्या, बाहेरची साल नेहमी सुकीच दाखवते. हे यंत्र भारतातही ऑनलाइन मिळतं.

खटपट्या
वहिनी, फार उपयोगी लिहिलंत. ओलीचा मुद्दा अधोरेखित. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी वाफ होण्यातच धग संपते आणि चुलीची जळणाची जागा तापत नाही. कितीही महागाची चूल आणा, ओल्या जांभळीपुढे ती धुरणारच. डोंगरवाट, बजेटमधले पहिले दोन हजार लाकडाच्या खोपटावर घाला. तीन बाजूंनी हवा, वर पत्रा, खाली विटांवर फळ्या म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. होळीच्या आत फोडून रचलेलं लाकूड पावसाळ्यात वापरायचं.

सुमनताई_कराड
आणि चुलीच्या बाजूला, भानवशीवर दुसऱ्या दिवसाचं जळण ठेवायचं. रात्रीच्या उबेने सुकतं. आमची सासू हे न चुकता करायची.

काळी_माती
विषयाला थोडा फाटा. धुराचे फायदेही होते हो. आमच्या घरी चुलीवरच्या आढ्याला मक्याची बियाण्याची कणसं आणि लसणाच्या जुड्या टांगलेल्या असायच्या, धुराने त्याला कीड लागत नसे. वासे-रिपांनाही वाळवी धरत नाही म्हणतात. धूर सगळाच घालवला तर बियाण्याचं काय?

रानमाळ
काळी_माती, खरं आहे, आमच्याकडंही टांगत. पण बियाणं राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवलं तरी राहते ना. कीड बियाण्याची मरावी म्हणून माणसाच्या छातीत धूर भरायचा हा सौदा महाग आहे.

गोठेकरी
डोंगरवाट, गुरं किती आहेत? आंबोण शिजवताय म्हणजे असणारच. चार जनावरं असतील तर दोन घनमीटरचा गोबर गॅस चालतो, त्याला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. दोन वेळचा स्वयंपाक निघतो, धूर शून्य, आणि स्लरी शेताला. गोवऱ्या थापून जाळणं हा शेणाचा सगळ्यात वाईट उपयोग आहे. सगळ्यात जास्त धूर त्यांचाच.

डोंगरवाट
दोन म्हशी आणि एक गाय. पण गुरं दिवसभर रानात असतात, घरी रात्रीचंच शेण मिळतं. नाही पुरणार. थंडीत गॅस कमी होतो असंही ऐकलंय.

गोठेकरी
मग अर्धंच मिळेल. एक घनमीटरचा टाकून बघा, सकाळचा चहा-भाजी निघेल. थंडीत कमी होतो हे खरंय, कोमट पाण्यात शेण कालवायचं आणि टाकी उन्हात बांधायची.

हातकणंगले_एक्स्प्रेस
पंख्याच्या चुलीबद्दल अनुभव लिहितो. आमच्याकडे पेलेट, म्हणजे दाबलेल्या भुश्याच्या गोळ्यांवर चालणारी पंख्याची चूल घेतली होती. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. चूल म्हणून अप्रतिम, निळसर-पिवळी ज्वाला, भांड्याच्या बुडाला काजळीच नाही, शेजारच्या बायका बघायला यायच्या. पण पेलेटचा भाव चढत गेला आणि मग दुकानात मिळेनाशाच झाल्या. चूल चांगली आहे पण तिला घालायचं काय? आईने मग तिच्यात फांद्यांचे तुकडे घालून बघितले, ते मोठे होते, वरची भोकं बंद झाली आणि धूर जुन्या चुलीपेक्षा जास्त. पुढे बॅटरी गेली. ती चूल अजून माळ्यावर आहे.

ज्या चुलीचं जळण तुमच्या बांधावर होत नाही ती घेऊ नका, मग चाचणीत कितीही चांगले आकडे येवोत.

फुप्फुसवाला
हातकणंगले, हे फार मोलाचं बोललात. मी गॅसचा आग्रह सोडत नाही, पण वरचं सगळं वाचून एवढं मान्य करतो की आईंचा धूर कमी करायचा तर कुठली कामं चुलीवरून काढता येतील ते आधी बघायला हवं.

एक इशारा मात्र सगळ्यांनाच. पावसात, थंडीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं खोलीत ठेवू नका. निखारे धुरत नाहीत म्हणून लोकांना वाटतं धोका नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणसं जातात. 'धूर दिसत नाही' आणि 'हवा स्वच्छ आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यॉर्कशायरी_वहिनी
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. इथे स्टोव्ह बसवला की त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं सक्तीचं आहे.

निखारा
कोळशाचा विषय निघालाय तर पुण्याच्या आरती संस्थेचं काम सांगायला हवं. उसाचं पाचट शेतातच जाळून टाकतात, त्याचा त्यांनी कांडीकोळसा केला, त्यासाठी २००२ मध्ये त्यांना अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा 'सराई' कुकर म्हणजे खाली १०० ग्रॅम कांडीकोळसा आणि वर वाफेवर डाळ, भात, भाजीचे डबे. पेटवून ठेवला की बघावं लागत नाही. डाळ-भातासाठी धुराचा प्रश्नच उरत नाही, फक्त हवेशीर जागी, पडवीत ठेवायचा. भाकरी अर्थात यावर होत नाही.

वैलावरची_आमटी
अखेर भाकरी आली! आता सांगा, आरावर फुगणार कशी?

सुमनताई_कराड
सांगते. विकतच्या रॉकेट चुलीवर भाकरीचा त्रास होतो, हे मी स्वतः करून बघितलंय. एक तर ज्वाला मधोमध एकाच ठिकाणी लागते, तव्याचा मध्य करपतो आणि कडा कच्च्या. दुसरं, चूल उंच आणि बूड लहान, भाकरी थापून तव्यावर टाकताना हलते. आणि तिसरं, आर काढायला पुढे जागाच नाही. भाकरी तव्यावर दोन्हीकडून भाजून झाली की ती चुलीच्या तोंडाशी उभी करून आरावर फुगवायची असते, ती ओटी त्या चुलीला नाही.

यावर आमच्याकडे बायकांनी काढलेला मार्ग असा. मातीची बैठी चूलच बांधायची, पण आत तळापासून चार बोटं वर बिडाची जाळी, म्हणजे खालून हवा जाते आणि राख खाली पडते. समोरचं तोंड वीतभर. वैलाच्या, म्हणजे चुलीतल्या दुसऱ्या भांड्याच्या भोकाच्या, मागे धुराडं. आणि तोंडापुढे हातभर ओटी, तिथे आर ओढायचा. जाळी एकटीने सुद्धा धुरात फरक पडतो, आणि ती तालुक्याच्या बाजारात भांडीवाल्याकडे मिळते. तव्याखाली मध्ये जाड पत्र्याची चकती ठेवली की धग सगळीकडे सारखी पसरते.

खटपट्या
ताई, हे कुठल्याच माहितीपत्रकात मिळालं नसतं. चुलीची भिंत बांधताना मातीत भाताचं तूस किंवा राख मिसळा, माती हलकी होते आणि धग कमी खाते. नुसत्या जड मातीची जाड भिंत निम्मा तास स्वतःच तापत बसते.

डोंगरवाट
सगळ्यांचे किती आभार मानू. काल आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं, सुमनताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. असं ठरवलंय:

आंघोळीच्या पाण्याला सोलर, पावसाळ्यात बंब पडवीच्या टोकाला. आंबोणासाठी विकतची रॉकेट चूल, मानकाची खूण असलेली, गोठ्याशेजारी उघड्यावर, ते काम बाबांनी अंगावर घेतलंय. डाळ-भात-भाजी गॅसवर, प्रेशर कुकरमध्ये. टाकी वाडीपर्यंत आणायला गावातल्या एका मुलाशी बोललोय. आणि भाकरीला ताईंची चूल, जाळी आणि धुराडं लावून. गोवऱ्या घरात बंद. म्हणजे एकच सर्वगुणी चूल शोधत होतो ती काही घेत नाहीये, कामं वाटून दिली. आई दिवसाचा फार तर तासभर चुलीपुढे असेल, आणि तो धूरही पाइपातून वर जाईल.

आता धुराड्याबद्दल सांगा. घर कौलारू आहे. मिस्त्री सिमेंटचा पत्र्यासारखा पाइप सुचवतोय.

खटपट्या
जुना अ‍ॅस्बेस्टॉसचा सिमेंट पाइप असेल तर नको, कापताना त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. १०० मिलिमीटरचा लोखंडी पाइप घ्या. खालचे तीन-चार फूट साधा काळा, वर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, चालेल. काटकोनातलं वळण टाळा, द्यावंच लागलं तर ४५ अंशांची दोन. खाली एक टी (तीन तोंडांचा जोड) लावून तिला झाकण ठेवा, काजळी तिथून काढता येते. वरचं टोक आढ्यापेक्षा दोन फूट तरी उंच, नाहीतर वारा धूर उलटा लोटतो. टोपी लावा, पण टोपी आणि पाइपात मोकळी जागा पाइपाच्या व्यासाएवढी. कौलातून जाताना लाकडी वाशापासून वीतभर लांब, मध्ये पत्र्याची कॉलर. आणि तुमच्या पावसाला कॉलरभोवती डांबरी पट्टी लावलीत तरच गळणार नाही.

फुप्फुसवाला
आईंना स्वयंपाकघरात समोरासमोर दोन खिडक्या उघड्या ठेवायला सांगा. आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा फुंकून बघायची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्या. खोकला नुसता धुराचाच आहे हे गृहीत धरू नका, छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी झाली नसेल तर ती आधी.

डोंगरवाट
फोटो झालाय, थुंकी नाही झाली. या आठवड्यात करतो.

सुमनताई_कराड
चूल बांधली की लगेच पेटवू नका बरं का. पंधरा दिवस सावलीत वाळू द्या, रोज ओल्या हाताने भेगा बुजवायच्या, मग शेणामातीने सारवायची. पहिले दोन-तीन दिवस बारीक काटक्यांचाच जाळ, एकदम ओंडका घातलात तर तडकेल. पाइप दर अमावास्येला झाडायचा, तारेच्या टोकाला पोत्याचा बोळा बांधून वरून खाली. अमावास्या म्हटली की लक्षात राहतं. आणि मिस्त्री वैलाचं भोक मोठं ठेवतो म्हणाला तर ठेवू देऊ नका, घरातल्या पातेल्याच्या मापाने पातेलं उलटं ठेवून आखून घ्या. आई तिथे उभ्या असताना आखा.